तिच्या वजनाची वाळू

कार्तिकातले कोवळे ऊन हर्णोळीच्या सड्यावर, कड्यावरच्या त्या उघड्या कातळमाळावर, आले आणि वाळल्या गवताच्या पात्यापात्यावर थबकले. तांबडा जांभा, पिवळे गवत, कड्याखाली निळाच निळा समुद्र. या तीन रंगांच्या मधोमध उभा होता शुभ्र, सडपातळ, एकाकी असा अग्निबाण.

सात माणसांनी अकरा वर्षे खपून तो घडवला होता. त्याच्या माथ्यावर एकच कुपी, कुपीत एकच आसन, आणि त्या आसनात पट्ट्यांनी जखडलेली विशाखा केळुसकर.

विमाने चालवणारी ही बाई. बांधलेल्या वेळा, ठरलेल्या वाटा सोडून ती या सड्यावर आली, तेव्हा एकतीस वर्षांची होती. आता तिच्या कानशिलांवर रुपेरी रेघा उमटल्या होत्या. वातावरणाच्या पल्याडचे ते काजळकाळे आकाश चार मिनिटे पाहायचे, पृथ्वीची निळी कड डोळ्यांत भरून घ्यायची आणि परत यायचे. एवढेच तिचे मागणे.

तिला वर नेण्याचे काम लतिफ मुकादमांच्या इंजिनाचे. तिला परत आणण्याचे काम शरच्चंद्र आगाशांच्या पॅराशूटचे.

आगाशेकाकांनी त्या पॅराशूटची शिवण न् शिवण स्वतःच्या बोटांनी चाचपली होती. विमानातून टाकून त्याची परीक्षा घेतली होती, पण दोनदाच. पहिल्यांदा ते पाच सेकंद उशिरा उघडले. का, ते कळले नाही. दुसऱ्यांदा वेळेवर उघडले. का, तेही कळले नाही. मोठ्या संस्था वीसदा पाहतात आणि विसाव्यांदाही शंका घेतात. सात माणसांना तिसऱ्यांदा विमान मिळाले नाही.

आदल्या दिवशी विशाखाने सहज विचारले होते, "काका, उघडेल ना?"

"उघडेल," काका म्हणाले होते. आणि तो शब्द तेव्हापासून त्यांच्या छातीत कुसळासारखा सलत होता.

पत्र्याच्या शेडमध्ये मुकादम मोठ्याने आकडे म्हणत होते. वीस. एकोणीस. अठरा. वारा पडलेला, समुद्र निवलेला, आभाळ आरशासारखे. नाही म्हणायला कुठेही जागा नव्हती. दहा. नऊ.

"थांबवा!"

काकांचा हात लाल बटणावर होता. त्यांनी ते दाबले होते.

"काय झालं, आगाशे? काय दिसलं?"

"काही नाही दिसलं."

"मग?"

"मुकादम, ती पाच सेकंदं मला अजून सापडलेली नाहीत."

यंत्रातून विशाखाचा आवाज आला, स्वच्छ, शांत. "काका, मी तयार आहे." थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू, "काका, ऐकताय ना?"

ते ऐकत होते. त्यांनी बटणावरचे बोट उचलले नाही.

नंतर पॅराशूटची घडी न् घडी उलगडली. दोर तपासले, कड्या तपासल्या. दोष सापडला नाही. परवाना देणाऱ्यांचे पत्र आले, थंड, नेटके, आणि तसे पाहता न्याय्यच: आता आधी माणसाशिवाय उडवून दाखवा. पण कुपी एकच होती, आणि ती परत उतरायची समुद्रातच. आणि एकदा खाऱ्या पाण्यात पडलेल्या कुपीत माणूस बसवायचा नाही, हा नियम या सात जणांनीच, तिच्याच जिवासाठी, केलेला होता. दुसरी कुपी घडवण्याइतकी वर्षे आता कुणाजवळच उरली नव्हती. सातही जणांना हे ठाऊक होते.

विशाखाच बोलली. "उडवा. निदान कुपी तरी जाऊन येऊ दे."

फाल्गुनात तिने स्वतः कड्याखालून वाळू आणवली, स्वतःच्या वजनाइतकी तोलली, पोत्यात भरून आपल्या आसनावर बसवली. पट्टे तिनेच आवळले. लहान मुलाला झोपाळ्यात बसवावे, तसे हलक्या हाताने.

आणि अग्निबाण गेला! सडा हादरला, गवत आडवे झाले, ज्वालेचा झळझळीत देठ आभाळात चढत गेला, चढत गेला, दिसेनासा झाला. ज्या काजळकाळ्या आकाशासाठी एका बाईने अकरा वर्षे वेचली, तिथे वाळू चार मिनिटे राहिली. आंधळी, मुकी, तिच्या वजनाची वाळू.

मग दूर पश्चिमेला एक केशरी ठिपका उमलला.

वेळेवर. पूर्ण. एकही दोर न गुंतता.

मुकादमांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि काकांकडे पाहून ते तसेच खाली घेतले.

मचव्यातून काका आणि विशाखा कुपीपाशी पोचले. पाण्यावर ती डुलत होती, एका बाजूने करपलेली, शाबूत. विशाखाने झाकण उघडले, आत वाकून पोत्यावर हात ठेवला.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

काकांनी कुपीचा दोर ओढून धरला. "विशाखा, मी त्या दिवशी..."

"तुमचं चुकलं नाही, काका." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "चुकलं असतं तर मला तुमच्यावर रागावता तरी आलं असतं."

ते मचव्याच्या काठावर बसले. म्हाताऱ्या हातांत कुपीचा दोर, डोळ्यांत खारे पाणी. तीही शेजारी टेकली. तिने आपला तळवा त्यांच्या मुठीवर ठेवला, आणि काढला नाही.

सड्यावरून वर गेलेली धुराची पांढरी रेघ अजून आभाळात होती. ती दोघे मान वर करून पाहत राहिली. वाऱ्याने रेघ वाकली, विरळ झाली, मधेच तुटली. आधी खालची गेली, मग मधली गेली, मग अगदी वरचीही गेली. आणि आभाळ पुन्हा निळे झाले, कुणीच कधी न गेल्यासारखे, निळे, निवांत, निळे.