बाई पुन्हा हिशेबाला बसल्या

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे; पण दप्तरात मावणाऱ्यांपैकी नव्हे. मी चांगला पाटीएवढा रुंद आहे आणि माझ्या डोक्यावर कागदाची गुंडाळी बसते. आकडा दाबला की मी तो खर्रकन पट्टीवर छापतो. एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले, एका मुलीने माझी सगळी बटणे दाबून पाहिली आणि मला खोक्यात घातले. एवढेच काय ते माझे बालपण.

खोके उघडले ते लाकडाच्या वखारीच्या ऑफिसात. तिथे हिशेब लिहिणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा डावा हात बिले उलटायचा आणि उजवा हात माझ्याकडे न बघताच बटणांवरून फिरायचा. वखारीचे मालक म्हणत, "बाईंनी केलेली बेरीज मी परत बघत नाही." ते ऐकून मला वाटायचे, यातला निम्मा मान आपला.

पुढे बाईंना मुलगी झाली आणि त्याच वर्षी त्यांच्या सासऱ्यांनी अंथरूण धरले. बाईंनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी मालकांनी मलाच त्यांच्या हातात ठेवले. "इथे आता कॉम्प्युटर येतोय. हा तुमच्याकडेच राहू दे."

घरी आल्यावर बाईंनी माझे सेल काढले, मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. तिथे मी नऊ वर्षे होतो. खालून औषधांच्या वेळा ऐकू यायच्या, मग बाराखडी, मग पाढे. माझा कोणी राग राग केला नाही. फक्त कोणाला सवड नव्हती.

सासरे गेले. मुलगी चौथीत गेली. एका दुपारी बाईंनी मला खाली उतरवले, नवे सेल घातले आणि एक जुने बिल समोर ठेवले. साताच्या जागी चार दाबला गेला. पुन्हा केले, पुन्हा चुकले. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"तुला काय अवघड आहे?" त्यांचे यजमान म्हणाले. "हात बसलेला आहे तुझा."

"बसलेला होता हो. आता नुसताच बसलाय."

तरी त्यांनी कॉम्प्युटरवर हिशेब शिकवणाऱ्या क्लासला नाव घातले. पहिल्याच दिवशी तोंड एवढेसे करून घरी आल्या. "सगळी मुलं माझ्या निम्म्या वयाची. मला बटण सापडेपर्यंत त्यांचं बिल चढवून होतं. करांचे नियमसुद्धा बदललेत. मला येत होतं ते कुठे गेलं कोण जाणे." दुसऱ्या आठवड्यात क्लासची वही टेबलाच्या खणात गेली, आणि मी मनात म्हटले, आता पुन्हा फळीवर जायची आपली पाळी.

पण त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्या हातात पावत्यांनी भरलेली पिशवी होती.

"वर्षभराचा हिशेब लावायचाय. तुम्ही शिकताय म्हणे."

"शिकतेय म्हणजे अजून येत नाही, मावशी."

"मला तरी कुठे येतं? तुम्ही चुकलात तरी माझ्यापेक्षा कमीच चुकाल."

बाईंना हसू आले. त्यांनी पिशवी जमिनीवर ओतली. रोज दुपारी त्या थोड्या पावत्या घेत, आधी माझ्यावर बेरीज करत, मग तेच आकडे यजमानांच्या कॉम्प्युटरवर चढवत आणि माझ्या पट्टीशी ताडून बघत. पहिला महिना मुळीच जुळला नाही. जमेच्या रकमा नावेच्या, म्हणजे खर्चाच्या, बाजूला जाऊन बसल्या होत्या. दुसरा महिना तिसऱ्या खेपेला जुळला. क्लासची वही खणातून बाहेर आली. पिशवी रिकामी झाली तेव्हा मावशींनी बाईंना नवा झंपर शिवून दिला आणि त्याचीही पावती फाडली.

तोच झंपर घालून बाई रंगाच्या एका मोठ्या दुकानात नोकरीच्या परीक्षेला गेल्या. तिथले म्हातारे हिशेबनीस निवृत्त होणार होते. निघताना "नको, हसतील" म्हणत बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन पिशवीत टाकले.

तीन उमेदवार होते. मुद्दाम एक चूक ठेवलेला हिशेब सगळ्यांना कॉम्प्युटरवर दिला होता. दोन्ही बाजूंच्या बेरजांत चोपन्नचा फरक होता. बाकीचे दोघे पहिल्या ओळीपासून तपासू लागले. बाईंनी तर आधी चुकीचाच महिना उघडला, तो बंद केला, पाणी प्यायल्या. मग कागदावर चोपन्न लिहून त्याला नऊने भागले. उत्तर आले सहा.

मित्रांनो, शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की पडणारा फरक नऊने पूर्ण भागला जातो. करून बघा. म्हणून बाई, ज्यांच्यात सहाचा फरक आहे असे शेजारी-शेजारी बसलेले अंक शोधू लागल्या. तीनशे ब्याऐंशीचे कोणीतरी तीनशे अठ्ठावीस केले होते. मूळ बिल काढून त्यांनी खात्री केली आणि मगच आकडा सुधारला.

हिशेबनिसांनी चष्मा वर केला. "हे क्लासमध्ये शिकवतात?"

"नाही, हे वखारीत शिकले."

"आणि मघाशी चुकीचा महिना उघडलात तो?"

"ते क्लासमध्ये शिकवलं होतं. विसरले."

म्हातारबुवा खळखळून हसले. बाईंना सहा महिन्यांसाठी अर्ध्या दिवसाचे काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी होता. त्यांनी तो घेतला आणि करांचे नियम पक्के करायला पुढच्या वर्गात नावही घातले.

मी सगळे पिशवीच्या उघड्या तोंडातून बघत-ऐकत होतो. मला बाहेर काढायची वेळच आली नाही. खरे सांगतो, क्षणभर वाईट वाटले. पण घरी जाताना त्यांनी पिशवी छातीशी धरली होती, आणि त्यांचे पाऊल इतके हलके पडत होते की माझी बटणे जराही वाजली नाहीत.

बाईंचे हिशेब आता कॉम्प्युटरवर होतात, म्हणून त्यांनी मला पावत्यांच्या बेरजांसाठी मावशींना दिले आहे. बेरजा कमी आणि मावशींच्या बोटांना लागलेला कापड आखायचा खडू जास्त, असे माझे दिवस चालले आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू नीट ठेवा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्याही घरात आईने, मावशीने, काकूने एखादे चांगले येणारे काम तुमच्यासाठी बाजूला ठेवले असेल. त्यांना विचारा, "तू आधी काय करायचीस?" आणि त्या सांगू लागल्या की मध्येच उठून जाऊ नका.