लाभ घेताना

मी कॅमेरा बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे, दाखवणं माझं काम. पण जे दाखवायचं ते कुणी बघेना, म्हणून तोंड उघडलं.

मला परदेशात एका बसचालकाने जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलं. त्याच्या गावची चाळीसेक घरं त्या शहरात होती. कुणी बेकरीत, कुणी वृद्धाश्रमात, कुणी ऑफिसांच्या फरशा पुसायला. महिन्यातून एका रविवारी सगळे भाड्याच्या हॉलमध्ये जमायचे आणि गावच्या दवाखान्याला काय पाठवायचं यावर तावातावाने भांडायचे. पलंग गेले, गाद्या गेल्या, पांघरुणं गेली. पंचवीस वर्षांच्या या मदतीचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा बसचालकाने ते काम अंगावर घेतलं. फोटोंसाठी त्याने मला गावी धाडलं, धाकट्या बहिणीकडे. ती त्याच दवाखान्यात नर्स.

पोरीचा हात चांगला होता. तिने पहिलाच फोटो काढला तो पलंगावर झोपलेल्या रोग्याचा. गादीवर औषधाचा डाग होता. झालं! तिकडून फोनवर फोन. "सहा महिन्यांत गादीची ही दशा? पोटाला चिमटा काढून पाठवतो आम्ही!"

दवाखाना समितीचे प्रमुख म्हणजे गावचे निवृत्त मास्तर. त्यांना हे फार लागलं. त्यांनी फर्मान काढलं, पुस्तक छापून होईपर्यंत नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची!" म्हणाले. तेव्हापासून मी नुसतं प्लास्टिक टिपतोय. माणसांचं मला नवल वाटतं. वस्तू वापरात आली की त्यांना वाईट वाटतं, आणि पडून राहिली की बरं वाटतं.

मग ऑक्सिजनचं यंत्र आलं. मास्तरांनी ते खिडकीपाशी ठेवलं, वर परदेशातल्या गावकऱ्यांच्या मंडळाची पाटी लावली. बसचालकाची आई दम्याची. तिला शेजारी बसवलं. तिने प्लास्टिकवरून यंत्रावर हात ठेवला आणि हसली. "कळवा माझ्या लेकाला, यंत्र माझ्यापेक्षा देखणं आहे म्हणून." तो फोटो मीच काढला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तिला दम लागला. नर्सने तिला दवाखान्यात आणलं, दातांनी प्लास्टिक फाडलं, आत गुंडाळलेली वायर ओढून काढली. प्लगच्या पिना चपट्या, चौकोनी. भिंतीत भोकं गोल. ती वेड्यासारखी प्लग दाबत राहिली. "जा ना रे आत, जा ना!" मास्तर वायरमनला शोधायला धावले. वायरमन दुसऱ्या गावी गेलेला. तो आला तेव्हा म्हातारी गेली होती. त्याने प्लग बदलला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तो कापलेला प्लग नर्सने आईच्या उशाशी ठेवला आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढला. फोटो स्पष्ट आलाय.

तेवढ्यात भावाचा फोन आला. बातमी त्याला कळली होती. "यंत्र लावलं होतंस ना गं?"

"हो दादा. लगेच लावलं. पण तिची वेळच भरली होती."

"बरं झालं. निदान तेवढं तरी झालं हातून." आणि तो मोठमोठ्याने रडला.

काय करायला हवं होतं तिने? मला तरी सांगता येत नाही. माझा राग तिच्यावर नाही.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर आई, प्लास्टिकवर हात. खाली ओळ: 'मातोश्री यंत्राचा लाभ घेताना.' मास्तरांनी पुस्तक उलटसुलट केलं, "छपाई छान आहे," म्हणाले आणि चष्मा पुसत बाहेर गेले.

पुस्तक बघून तिकडच्या लोकांना भरून आलं. आता आईच्या नावाने तसलीच बारा यंत्रं निघतायत, अशा गावांना ज्यांची नावंही नर्सला ठाऊक नाहीत. गेल्या रविवारी तिने फोनवर धीर केला. "दादा, त्यांचे प्लग आधी तपासून घ्या हं."

तो म्हणाला, "का गं? आईच्या वेळी तर लगेच लागलं ना?"

"लागलं. उगीच आपलं म्हटलं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी आता तिच्या कपाटात आहे. बॅटरी संपत आलीय. प्लगचा तो फोटो माझ्या पोटात आहे आणि मला तो बाहेर काढता येत नाही. दूर राहून गावावर जीव टाकणाऱ्या लेकरांनो, फोटो खुशाल मागा. पण आधी विचारा, सुरू करून बघितलं का? आणि समोरून 'हो' आलं, तरी आणखी एकदा विचारा. यंत्रं परवा निघतायत.