अर्धा स्वर वर

जुना पियानो दुरुस्तीला आला की कारागीर गिऱ्हाइकाला आधी एकच विचारी, जपायचाय की वाजवायचाय? जुन्या लाकडाला दोन्ही झेपत नाही. तारा पुऱ्या स्वराला ताणल्या तर आवाज भरून येतो, पण नाद घुमवणाऱ्या मागच्या फळीवर भार पडतो. सैल ठेवल्या तर फळी टिकते, मात्र दुसरं कुठलं वाद्य त्याच्यासोबत वाजत नाही.

घरापुरतं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. बायको गेल्यापासून तिचा पियानो त्याने अर्धा स्वर खाली ठेवला होता. फळीला केसाएवढी चीर होती, ती वाढू नये म्हणून. एकट्यापुरता बरा वाजे.

मग लेकीचा फोन आला. रविवारी बाळाला घेऊन येते म्हणाली, क्लॅरिनेटही आणते, आई वाजवायची ते दोघं मिळून वाजवू. आणि जाता जाता टोमणा मारलाच, "जगाचे पियानो सुरात आणता बाबा, आणि घरचा तेवढा रडका."

क्लॅरिनेट काही अर्धा स्वर उतरत नाही. चढायचं ते पियानोनेच.

आठवडाभर त्याने जीव मुठीत धरून तारा चढवल्या. एकच ओढून चालत नाही. सगळ्यांना थोडा थोडा ताण द्यायचा, मग लाकडाला विसावा. दर फेरीनंतर बॅटरी घेऊन तो मागे वाकून बघे. शनिवारी चीर बोटभर लांबलेली दिसली. आवाज मात्र असा मोकळा आला, की त्याला स्वतःचीच खोली परकी वाटली.

रविवारी चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. बाळाला ताप, येणं रद्द.

"मग आता तारा परत उतरवणार?" तारा चढवल्याचं आणि चीर वाढल्याचं त्याने सांगितल्यावर तिने विचारलं.

तारा पिळायची किल्ली त्याने केव्हाच हातात घेतली होती. आत्ता उतरवल्या तर चीर थांबेल. पण पुन्हा चढवणं त्या फळीला सोसायचं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

किल्ली त्याने खिडकीत ठेवून दिली.

"राहू दे अशाच," तो म्हणाला. "तू फार लांबवू नकोस म्हणजे झालं."

फोन तसाच चालू पियानोवर ठेवून त्याने तिच्या आईची चाल हळूच वाजवली. तिकडून साथ आली नाही. बाळाचा आत्ताच कुठे डोळा लागला होता. शेवटचा स्वर विरला, तरी तिने फोन ठेवला नाही. त्यानेही नाही.