पाणी उजव्या हाताला

"झाड म्हणजे कसलं झाड?" वनमालानं मागच्या सीटवरून विचारलं.

"हिरवं," मी म्हणालो.

"अहो, झाडं हिरवीच असतात. पानं कशी आहेत? आंब्यासारखी लांब, की वडासारखी?"

मी मान वर करेपर्यंत झाड मागे गेलं होतं. वाटेतले दगड चुकवायचे, हँडल सांभाळायचं, शिवाय वरची पानं बघायची. माझं डोकं चालेना. "मधलीच," मी म्हणालो. "धड लांब नाहीत, धड गोल नाहीत."

ती हसली. तोवर हसत होती.

मी जयवंत, भांडुपच्या एका कंपनीत वेल्डर. जन्म कांजूरमार्गच्या चाळीतला. कोकणातल्या गावी जायचो ते गणपतीला, तेही चार दिवस पत्ते कुटायला. त्यामुळे झाड म्हटलं की मला नारळ आणि कंपनीच्या गेटावरचा अशोक, एवढंच ओळखू येतं. पक्ष्यांत कावळा. वनमालाचं सगळं उलट. ती मालवणकडची, नदीकाठच्या वाडीत वाढलेली. अकरा वर्षांची असताना तिला देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. पण त्याआधी जे बघून ठेवलंय ते पक्कं आहे. घाटकोपरच्या एका ऑफिसात ती टेलिफोन ऑपरेटर आहे. दीडशे एक्स्टेन्शनचे नंबर तोंडपाठ, आणि साहेब खोकला तरी कुठला साहेब ते ओळखते.

लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा, चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात, एक दिवस जेवताना म्हणाली, "मला सायकलवर बसायचंय. कॅरियरवर नाही हं. पायडल मारत."

काय डोक्यात येईल नेम नाही. पण मला ती कल्पना भलतीच आवडली. भंगारातून दोन जुन्या सायकली आणल्या, जेवणाच्या सुट्टीत कापल्या, जोडल्या. चार महिने गेले. पुढची सीट माझी, मागची तिची, पायडलं दोघांना, हँडल एकट्या मला. कंपनीतली पोरं म्हणाली, जयवंतानं गाढवीण बनवली. म्हणेनात का. जोड मात्र असा बसला होता की हत्ती उभा केला तरी हलला नसता.

पहिल्या रविवारी तिला हायवेवर नेलं. मुलुंडचा नाका यायच्या आत म्हणाली, "वळवा. ट्रकच्या आवाजात मला काही दिसत नाही."

म्हणजे गाडी नसलेला रस्ता पाहिजे. तो मुंबईत कुठून आणायचा? आमच्या खात्यात धोंडू नावाचा हेल्पर आहे, कर्जतकडचा. तो म्हणाला, "नेरळला उतर. नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे जा नि उजवीकडे वळ. काठाकाठानं बैलगाडीची वाट आहे, मोटार तिथं शिरूच शकत नाही. पाणी उजव्या हाताला ठेवायचं, बस. तास-दीड तासात दगडी पूल येतो. तो ओलांडला की कर्जत आलंच. झकास वाट आहे यार, डोळे मिटून जा."

डिसेंबरात आम्ही निघालो. सायकल सामानाच्या डब्यात दुधाच्या कॅनना टेकवून ठेवली आणि नेरळला उतरलो. पूल ओलांडला, उजवीकडे वळलो. उजव्या हाताला उल्हास नदी, तिच्यापलीकडे आगगाडीचा रूळ, डाव्या हाताला शेतं आणि त्यामागे डोंगर. खरोखर एक मोटार नाही. वनमाला मागून जोरात पायडल मारत होती आणि सारखी विचारत होती. पाणी वाहतंय की साठलंय? त्या पक्ष्याची शेपूट केवढी? कापलेल्या भाताचे खुंट अजून आहेत का? मी जमेल तसं सांगत होतो. कधी नव्हे ते मलाही मजा वाटायला लागली होती.

साडेनऊ झाले, पुलाचा पत्ता नाही. दहा झाले. पाणी उजव्या हातालाच होतं, पण बघता बघता अरुंद झालं होतं. मघाशी नदी होती, आता ओढ्यासारखी दिसत होती. डोंगरही कसे कोण जाणे, डावीकडचे समोर आले होते. मी मनातल्या मनात धोंडूला शिव्या घातल्या. वाट एकच, पाणी एकाच हाताला, मग चुकणार कसं? मला काही उमगेना.

"पूल दिसतोय का?" तिनं विचारलं.

"दिसतोय लांबून," मी म्हणालो.

असं का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. चुकलो वाटतं, एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण चार महिने खपून सायकल केली, चाळभर फुशारकी मारली. दोन धड डोळे असलेला माणूस मी, आणि मला वाट सापडत नाही, हे तोंडातून निघेना.

"कमानी किती आहेत?"

"तीन."

"माणसं आहेत का वर?"

"एक बैलगाडी चाललीय," मी म्हणालो. एकदा सुरुवात झाली की जीभ कुठं थांबते. "दोन्ही बैल पांढरे आहेत."

आम्ही पायडल मारत राहिलो. आता पूल आला पाहिजे होता, आणि आणायचा तर कुठून आणायचा? पाच-दहा मिनिटांनी मीच म्हणालो, "वाट लागली. पूल मोडलेला आहे गं. मधली कमान पडलीय."

"मग बैलगाडी कुठून गेली?"

माझे पाय थांबले.

"थांबवा सायकल," ती म्हणाली. मी ब्रेक लावला. ती चाचपडत उतरली आणि सीट धरून उभी राहिली. "सकाळी ऊन माझ्या डाव्या गालावर होतं. आता उजव्या गालावर आलंय. गाडीची शिटी ऐकू येत नाही, त्याला तर तास झाला. मी म्हटलं, आता सांगतील, मग सांगतील."

"मग विचारायचं ना."

"विचारलं की. पूल दिसतोय का, म्हणून विचारलं."

खाली पाण्यात एक म्हातारा म्हशी धूत होता. मी त्याला हाक मारून कर्जतचा पूल विचारला. तो आमच्या सायकलीकडे बघत राहिला आणि मग हात मागे करून म्हणाला, "कर्जत इकडं कुठं? उल्हास तिकडं राहिली मागं. ही दुसरी, तिला जाऊन मिळते ती. पाण्यात उतरून पलीकडं जायचं होतं तुम्ही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन नद्या मिळाल्या तिथं मी न ओलांडता, पाणी उजव्या हाताला ठेवून, दुसरीच्या काठानं निघालो होतो. धोंडूनं सांगितलं ते अक्षरशः पाळलं आणि तरी चुकलो.

"बस मागे," मी म्हणालो. "फिरवतो."

"मी चालते."

"दोन कोस आहे गं."

"असू दे. मला तुमच्या मागे नाही बसायचं."

मी सायकल ढकलत निघालो. मागची सीट एका हातानं धरून ती चालू लागली. दगड आला की मी सांगायचो, दगड आहे. ती आधी पाय पुढे करून बघायची आणि मगच टाकायची. सहा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. मला राग आला, माझाच की तिचा ते कळेना. एवढं काय झालं? वाट चुकली. माणसं चुकत नाहीत का?

"वाट चुकल्याचं मला काही नाही," ती आपण होऊनच म्हणाली. "मी अकराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या तोंडानं बघते. आई कंटाळायची, वैतागायची, थोडक्यात सांगायची. पण असेल तेच सांगायची. तुम्ही तर पांढरे बैल दाखवलेत. मी बघितले ते. मला दिसले."

पुढे दगड आला. दगड आहे, मी म्हणालो.

दोन नद्या मिळतात तिथं आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिचे पाय दुखत असणार, पण म्हणाली नाही. मी सायकल आडवी ठेवली. ती काठावरच्या खडकावर बसली आणि पाण्यात पाय सोडले. मी शेजारी बसलो, हातभर अंतर ठेवून.

"आणखी काय काय खोटं सांगितलंत?" तिनं शांतपणे विचारलं.

"काही नाही गं."

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिठागरं दिसतात म्हणालात. पांढरे ढीग, संध्याकाळी चमकतात."

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं होतं, बाहेर काय आहे. नवी नवरी, तिला काय सांगायचं? "बंद कंपनीची भिंत आहे," मी म्हणालो. "पत्र्याची. खाली गंजकी पिंपं पडलीत."

"मी रोज तिथं उभी राहते."

"माहीत आहे मला."

"सहा वर्षं उभी राहिले मी पत्र्यासमोर," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग बराच वेळ पाय हलवत राहिली. मला वाटलं, संपलं. डबा काढावा का विचारावं, असा विचार करत होतो, तेवढ्यात तिनं तोंड माझ्याकडे वळवलं.

"आणि माझ्या तोंडावरचे वण?"

बघायला गेलो होतो तेव्हा सगळ्यांसमोर तिनं हाच प्रश्न केला होता. तिच्या आईनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला होता. कुठले वण, मी म्हणालो होतो, पुसट झालेत, दिसतही नाहीत. त्यावरच तिनं होकार दिला, असं तिची आई अजून सांगते.

मी तिच्याकडे बघितलं. सहा वर्षं रोज बघत होतो. आता काय सांगायचं? खरं सांगितलं तर तिला लागणार, आणि खोटं सांगितलं तर ती मागे बसणार नाही, आजच नव्हे, कधीच. मला रडू येईल असं वाटलं आणि ते नेमकं कशाचं, ते कळेना.

"दिसतात," मी म्हणालो.

"लांबून?"

"लांबूनपण. लोक बघतात."

"किती आहेत?"

"ते कोण मोजतं गं."

"तुम्ही मोजा," ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर मागे घेऊन तोंड वर केलं.

मी नुसत्या नजरेनं मोजायला लागलो. तिनं माझा हात ओढून घेतला आणि बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं. वेल्डिंगनं राठ झालेलं माझं बोट. एक. दोन. तीन. भिवईपाशी सात. मागून दोन बायका धुण्याच्या पाट्या घेऊन आल्या, आम्हाला बघून उभ्या राहिल्या. मी आवाज बारीक केला.

"मोठ्यानं," वनमाला म्हणाली.

मी मोठ्यानं मोजू लागलो. कपाळ झालं, नाक झालं. डाव्या गालावर एकेचाळीसपाशी दोन वण एकमेकांत गेलेले होते. त्यांना एक धरायचं की दोन? मी दोन धरले, मग वाटलं एकच असेल, आणि तेवढ्यात मागचा आकडाच डोक्यातून गेला.

"चुकलं," मी म्हणालो. "माझं मोजणं चुकलं."

"मग पहिल्यापासून," ती म्हणाली, आणि माझं बोट धरून पुन्हा कपाळावर ठेवलं.