शून्य फरक

आमच्या सेनगावच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर ओलावा मोजायला तिघं होती: विकास, शिला आणि पुजा. मशीन एकच, पण एकाच ट्रॉलीचा आकडा तिघांचा तीन तऱ्हेचा यायचा. बारा टक्क्यांच्या वर गेलं की माल परत. मग दारात रोज शिव्यांचा पाऊस. शेवटी व्यवस्थापक विजयकुमार साहेबांनी सांगून टाकलं, "मशीन तपासून आणलंय, ते बराबर आहे. आता माणसं तपासू. ज्याच्या आकड्याचा भरवसा नाही, त्यानं घरी बसायचं."

पुजा खूश झाली. वेडी पोरगी! तांड्यावरच्या आपल्याच माणसांचा ओला मालही ती परत धाडायची, म्हणून सारे तिच्यावर दात खाऊन होते. तिचा बाप खेमासुद्धा चारचौघांत म्हणायचा, "आमच्या पोरीच्या हातातच खोट हाय." आता एकदाचा निकाल लागेल, असं तिला वाटलं.

साहेबांनी पुण्याच्या प्रशिक्षणात शिकलेली रीत लावली. पाच ढिगांतले पाच नमुने. ते पडद्याआड सारख्या दिसणाऱ्या डब्यांत ओतायचे आणि एकेकाला एकट्यालाच आत पाठवायचं, म्हणजे कुणी कुणाचं बघायला नको. दुसऱ्या फेरीत तेच नमुने, पण क्रम बदललेला. मशीनवरचा आकडा ज्याचा त्यानं कागदावर लिहून आणायचा. जो स्वतःचाच आकडा पुन्हा आणेल, तो खरा. "नमुन्यात काही टाकायचं नाही, काही काढायचं नाही," साहेबांनी बजावलं.

पहिल्या फेरीत विकास आधी गेला. त्याच्यामागून शिला, मग पुजा. पहिल्याच डब्यात पुजाला तुरीचा दाणा दिसला. दुसऱ्यात मूग, तिसऱ्यात मका, मग हरभरा, मग करडई. जन्मभर सुपात धान्य निवडलेली पोरगी ती, दाणा आपोआप चिमटीत आला. पण साहेबांचं बोलणं आठवलं आणि ओलावा मोजून झाल्यावर तिनं प्रत्येक दाणा पुन्हा ज्याच्या त्याच्या डब्यात टाकला. कसला हा इमानदारपणा! चोराच्या खुणा तिनंच सांभाळून ठेवल्या.

दुसऱ्या फेरीत विकास सगळ्यात शेवटी गेला.

निकाल आला. पुजाच्या आकड्यांत थोडा थोडा फरक होता. शिलाचा तिच्याहून जरासा कमी. विकासचे पाचही आकडे जसेच्या तसे.

"शून्य फरक!" साहेब म्हणाले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. माणूस दोनदा पाणी पितो तेव्हा घोटसुद्धा सारखा घेत नाही, हे त्या शहाण्याला कुणी सांगायचं?

पुजाच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "सर, डब्यात तूर होती. मूग होता. त्यानं खुणा घातल्या होत्या."

साहेबांनी तिच्यासमोर पाचही नमुने टेबलावर पसरले. निव्वळ सोयाबीन. "कुठंय तूर?"

"शिला, तू पाह्यलं ना?"

शिलानं पाहिलं होतं. पण तिघांतला एकच जाणार होता. "म्या न्हाई पाह्यलं," ती म्हणाली आणि ओढणी सारखी करत बसली.

"हरल्यावर दुसऱ्याला चोर म्हणायचं," साहेब म्हणाले, "हे तर आकड्यापेक्षा वाईट." पुजा त्याच दुपारी घरी गेली.

पुढच्या आठवड्यात खेमा आपलं सोयाबीन घेऊन आला. अजून दोन उन्हं द्या, असं पुजा परोपरीनं सांगत होती, पण तिचं आता कोण ऐकतो? ट्रॉलीला हात लावायला म्हणून तीही आली होती. विकासनं मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले. आकडा तेरावर गेला, तसं त्यानं बटण दाबून तो पुसला.

"अकरा पॉइंट आठ. पास!" तो ओरडला. मग हसून म्हणाला, "काका, पुजा असती तर परत धाडलं असतं."

पुजानं एक दाणा दाताखाली धरला. वाळलेला दाणा कट्‌कन फुटतो. हा नुसता चपटा झाला.

"बा, ओलं हाय. आकडा तेरा होता, म्या पाह्यला. काहून ऐकून न्हाई राहिला?"

"गप!" खेमा सगळ्यांसमोर खेकसला. "तुझं पाहणं तपासून झालंय. इतके दिस लोकायचा चांगला माल परत धाडला तू, मान वर करायला जागा ठेवली न्हाई मला."

त्यानं विकासच्या पाठीवर हात ठेवला.

"असं मोजावं मानसानं," तो पुजाला म्हणाला. "बघ. शिक काही."