चौदा टक्के ओलावा

संध्याताईंच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना वैद्यकी सुचली. "उष्णता! दुसरं काय?" बाहेर गुडघाभर बर्फ, आणि म्हणे उष्णता! पण छत्तीस वर्षं नागपुरात विज्ञान शिकवलेल्या संध्याताईंनीही मान डोलावली आणि सकाळी सब्जा, रात्री गुलकंद मुकाट गिळायला सुरुवात केली. शिकलेल्या माणसांचं शिक्षण स्वतःच्या नाकापाशी येऊन असं बंद पडतं.

रक्त काही थांबेना. ओठ फुटले, टाचा भेगाळल्या, स्वेटर काढला की ठिणग्या उडायच्या. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब ठणठणीत. जावई मात्र धास्तावला.

"आई, तुमचं तिकीट अलीकडचं करू या. काही कमीजास्त झालं तर इथे फार अवघड होतं."

"आणि रुचाचं बाळंतपण?"

"मी सुट्टी घेईन ना."

"सुट्टी घेऊन काय करणार, विनयराव? लॅपटॉपला शेक देणार?"

रुचाला आठवा महिना लागला होता. लेकीच्या बाळंतपणासाठी तर संध्याताई आल्या होत्या. ते न करताच परत जायचं, आणि तेही नाकापायी!

विनय मोटारींच्या कारखान्यात, रंगखात्यात होता. रविवारी जेवताना त्याला फोन आला आणि तो ताडकन उठला. हवा कोरडी पडलीय, रंग बिघडेल, लाइन आत्ताच्या आत्ता थांबवा, असं इंग्रजीत ओरडून तो परत पानावर बसला.

संध्याताईंनी हातातला घास खाली ठेवला. "तिकडे पत्र्यासाठी हवा मोजता. इथे किती ओलावा आहे?"

"इथे... म्हणजे, घर तापवायचा फर्नेस चालू आहे ना, आई, त्यामुळे..."

"किती, ते विचारलं मी."

विनयने बॅगेतलं मीटर काढून टेबलावर ठेवलं. आकडा घसरत घसरत चौदावर थांबला.

"चौदा टक्के!" रुचा पोट धरून हसायला लागली. "अरे, वाळवंटात ठेवलंयस आम्हाला!"

संध्याताईंना मात्र स्वतःचाच राग आला. थंड हवेत बाष्प कमी, ती तापवली की आणखी शुष्क. हेच जन्मभर फळ्यावर लिहिलं, आणि इथे येऊन गुलकंद खात बसले!

गुरुवारी विनयने बोलावलेला माणूस आला. त्याने तळघरात फर्नेसची हवा नेणाऱ्या डक्टला एक पेटी बसवली, तिला पाण्याची बारीक नळी जोडली. आता गरम हवेबरोबर ओलावाही घरभर जाणार होता. बाहेर थंडी वाढली की ओलाव्याचा आकडा कमी ठेवा, असं तो बजावून गेला. विनयने उत्साहात पन्नास ठेवला. सकाळी खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ! संध्याताईंनी खडसावून तीसवर आणला.

चार दिवसांत रक्त थांबलं. लाकडी फरशीतल्या फटी मिटल्या. दाराच्या मुठीला हात लावताना कुणी दचकेना. हीटर दोन अंशांनी उतरवला तरी कुणाला थंडी वाजेना. रुचाची रात्रभरची कोरडी ढास गेली, ती आईशेजारी गाढ झोपू लागली.

अकराव्या दिवशी विनय घुटमळत आला. "आई, तिकीट जूनचंच राहू दे."

"राहणारच होतं. मला पोत्यात घालून विमानात चढवणार होतात काय?" संध्याताईंनी कागद त्याच्या हातात दिला. "डिंक, अळीव, खारीक. आजच आणा. बाळ काही तुमच्या मीटिंगा बघून येणार नाही."