हळदीवरचा आरोप आणि टोपलीभर सोडा

सुज्ञ वाचकहो, आमच्या येनटोला गावी कोशाच्या हंड्यावरून जो अविचार घडला, तो मी प्रस्तुत कथेत कोणाचीही भीड न ठेवता निवेदन करणार आहे. खार म्हणजे काय, तो पाण्यात किती उतरतो आणि आंबट पदार्थाने त्याचा जोर कसा मोडतो, हेही ओघाने येईल. कारण या गोष्टींचे अज्ञान हेच या कथेतील खरे संकट होय. ज्यांना आपली टर उडालेली सहन होत नाही, त्यांनी वाचन येथेच थांबवावे. मनसाराम भाऊंना वाचता येत नाही. तेव्हा त्यांच्यासाठी कोणी मोठ्याने वाचल्यास माझी हरकत नाही.

येनटोला हे चांदा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, आरमोरीच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर आहे. आम्ही ढिवर लोक. तळ्यात जाळे टाकतो आणि जंगलात ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाचे कोश विणणारे किडे पाळतो. कोणत्या घराने कोणती झाडे राखावी हे पूर्वापार ठरलेले आहे. किडे झाडावर चढल्यापासून तो कोश शिजवण्याचा हंडा चुलीवरून उतरेपर्यंत पाळणाऱ्याने हळद खायची नाही व शिवायचीही नाही, असा दंडक आहे. दंडक कोणी घातला हे विचारल्यास म्हातारे आकाशाकडे पाहतात आणि तरुण म्हाताऱ्यांकडे पाहतात.

आता कोश शिजवणे म्हणजे काय, ते ऐकावे. कोशाचा धागा एका चिकट द्रव्याने जागच्या जागी बसवलेला असतो. हे द्रव्य साध्या पाण्यात विरघळत नाही, खाराच्या पाण्यात विरघळते. म्हणून आमच्या बायका टोपलीत लाकडाची राख भरून तीवर पाणी ओततात. राखेतील खार पाण्याबरोबर खालच्या भांड्यात उतरतो आणि न विरघळणारी माती टोपलीतच राहते. त्या पाण्याचा थेंब बोटांत चोळला असता तो वाम माशाच्या पाठीसारखा बुळबुळीत लागला पाहिजे. तसा लागला म्हणजे कोश टाकावे. काम संपल्यावर हात चिंचेच्या पाण्यात धुतात. त्याने बुळबुळीतपणा जातो व कातडी फाटत नाही. आरमोरीच्या शाळेत मी पाचवीपर्यंत शिकलो, पुढे जाळ्याने मला परत ओढले. परंतु गुरुजींनी दिलेल्या एका जुन्या पुस्तकात मी वाचले आहे की, खारास अल्कली व आंबटास अम्ल म्हणतात, आणि दोघे योग्य प्रमाणात भेटले असता एकमेकांचा तोरा उतरवतात. मनुष्यांच्या बाबतीत असे क्वचितच घडते.

मनसाराम भाऊ हे गावातील अत्यंत शहाणे गृहस्थ होत. हे मत प्रथम त्यांनीच मांडले व त्यास कोणी विरोध न केल्याने ते रूढ झाले. ते एकदा कोसा विकण्यास नागपूरला गेले असता तेथे त्यांनी साबण करणाऱ्याचे दुकान पाहिले आणि त्याच्याकडून रॉकेलच्या डब्यात भरून कडक सोडा आणला. पांढरे खडे. येताना त्यांनी डबा मांडीवर धरला होता, आणि घरी आल्यावर त्यावर फूल वाहिले होते.

हंड्याच्या दिवशी सर्व घरांनी आपापले कोश आणून दिले. गिरजाबाईनेही दिले. ही तरुण विधवा. नवऱ्यामागे नाल्याकाठची ऐनाची झाडे ती एकटी राखत असे, पाखरे हाकलत असे, आणि त्या झाडांवरच तिचे पोट होते. दुर्दैवाने गावातील सर्वांत दाट पाल्याची झाडे तीच होती आणि त्यांच्या शेजारची झाडे मनसाराम भाऊंची होती.

भाऊंनी राखेची टोपली मागवली व तीत कागद घालून खडे ओतण्यास प्रारंभ केला.

"भाऊ, किती टाकता?" गिरजाबाईने विचारले.

"राख किती टाकत होतो? टोपलीभर. मंग सोडाबी टोपलीभर. हिसाब सरळ हाये."

"राखेची माती टोपलीतच राह्यते न जी. याचं काय राहीन?"

"काहीच नाई राह्यत," भाऊ अभिमानाने म्हणाले, "म्हणून तं नागपूरवरून आणला."

वाचकहो, त्यांच्या संपूर्ण आयुष्यात त्यांनी उच्चारलेले हे एकमेव सत्य वाक्य होय, आणि त्याचा अर्थ त्यांना कळला नाही. टोपलीभर राखेतून पाण्यात उतरणारा खार मूठभर. टोपलीभर सोड्यातून उतरणारा खार टोपलीभर. द्रावण किती तीव्र होईल हे टोपलीवर अवलंबून नसून पाण्यात काय विरघळले यावर असते, एवढे समजण्यास नागपूरला जावे लागत नाही.

टोपलीभर खडे हंड्यातील पाण्यात पडताच चूल पेटण्यापूर्वीच हंडा तापला व वाफ येऊ लागली. लोक मागे सरले. एका म्हातारीने हात जोडले.

"पाहा," भाऊ म्हणाले, "सरपणबी वाचलं."

चूल पेटवली गेली. दुपार ढळल्यावर भाऊंनी लांब काडी आत फिरवली. काडीला कोश लागेना. त्यांनी पुन्हा फिरवली. शेवटी काडीवर जे वर आले ते आंबिलीसारखे तपकिरी व लिबलिबीत असून त्यात धाग्याचे नावही नव्हते. साऱ्या गावाचे कोश पाण्याने गिळले होते. पुढच्या वर्षीचे किडे निपजावेत म्हणून प्रत्येक घरी बियाण्यासाठी राखून ठेवलेले थोडे कोश तेवढे शिल्लक राहिले.

आता कोणीही विचारी मनुष्य डब्याकडे पाहील. आमच्या गावाने डबा सोडून इतर सर्वत्र पाहिले. सायंकाळपर्यंत भाऊंनी निर्णय जाहीर केला की, कोणीतरी हळद शिवली आहे, आणि उद्या सर्वांच्या हातांची परीक्षा होईल.

ही परीक्षा जुनी आहे. राखेच्या खारपाण्यात हात बुडवायचे. हळद लागलेली असल्यास हात लाल होतो, आणि तो लाल रंग म्हणजे वनदेवीचा कोप असे समजतात. वास्तविक हळदीला कोणतेही खारपाणी लागले की ती लाल होते. लग्नघरच्या पिवळ्या लुगड्यावर साबण पडला असता कोणती देवी कोपते, हे मी एकदा भाऊंना विचारले होते. त्यांनी मला पाचवी नापास म्हटले. मी पाचवी पास आहे.

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली लोक जमले. मध्ये राखेच्या पाण्याची परात, बाजूला नेहमीप्रमाणे चिंचेच्या पाण्याचे मडके. निवाडा करण्यास रामाजी बसले होते. हे गावचे सर्वांत वृद्ध गृहस्थ. डोळ्यांनी अधू झाले तरी बोटांनी धाग्याची पारख त्यांच्याइतकी कोणालाच येत नसे. लोक एकेक करून हात बुडवू लागले. गिरजाबाईची पाळी आली. तिने हात बुडवला आणि तळहात लालभडक झाला.

"झालं," मनसाराम भाऊ म्हणाले. "गावाचं वाटोळं करणारा हात हा."

"सकाळी शिंगी माशाचा काटा घुसला जी," गिरजाबाई म्हणाली. "सुगंधाबाईनं हळद भरली त्यात. आज भरली. हंडा कालच नासला न?"

"म्या भरली," शेजारीण सुगंधाबाई पुढे होऊन म्हणाली. "मीच सांगून राह्यली."

"तू तिची मैतरीण. तू तं सांगशीनच."

"मंग काय दुश्मनानं येऊन हळद भरावी का, भाऊ?"

लोक हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी रामाजींकडे वळून सांगितले की, दंडक मोडणाऱ्याची झाडे काढून घेतात. नाल्याकाठची झाडे दुसऱ्या कोणीतरी राखावी. आणि इतर कोणी तयार नसल्यास गावासाठी तो भार आपण उचलू. भार हा शब्द त्यांनी अत्यंत खिन्न मुद्रेने उच्चारला.

गिरजाबाईचा चेहरा उतरला, परंतु ती जागची हलली नाही. "सगळ्यायचे हात बुडाले," ती म्हणाली. "तुमचे नाई बुडाले, भाऊ."

"मी पाहणारा हावो."

"पाहणाऱ्याले हात नसते का?" सुगंधाबाई म्हणाली.

"बुडव बा मनसाराम," रामाजी म्हणाले. "काऊन उशीर करून राह्यला?"

भाऊंनी हात बुडवले. ते स्वच्छ निघाले. त्यांनी विजयाने सभोवार पाहिले आणि ओले हात आपल्या उपरण्यास पुसले. त्या उपरण्याने नदी लांबूनच पाहिलेली होती. ज्या पदरास ते जेवल्यावर तोंड पुसत, त्यावर बघता बघता हाताएवढा लाल डाग उमटला.

मग गर्दीतून बाबुलाल, जो बाजारच्या दिवशी त्यांच्यासोबत असे, शांतपणे म्हणाला, "आरमोरीच्या खानावळीतला रस्सा हाये तो. किडे झाडावर होते तवाचा. माह्याच बाजूले बसून खाल्ला."

"पानाचा डाग हाये," भाऊ म्हणाले.

गिरजाबाईने आपला लाल हात चिंचेच्या मडक्यात बुडवून वर काढला. तो पुन्हा पिवळा झाला होता. "हळद असन तं चिंचेत पिवळी होते," ती म्हणाली. "पान असन तं लालच राहीन. टाका उपरणं."

उपरणे टाकण्यास भाऊ तयार नव्हते, ते ओढून घ्यावे लागले. चिंचेच्या पाण्यात पदर बुडताच डाग असा पिवळा झाला की, त्यास रश्शाचा वास येतो की काय, म्हणून लहान मुले जवळ गेली.

आता वाचकांस वाटेल की, गावाचे डोळे उघडले. छे. जे लोक क्षणापूर्वी गिरजाबाईस गावाची वैरीण समजत होते, ते तत्काळ मनसाराम भाऊंस समजू लागले. यांच्याच हळदीने हंडा नासला, यांचीच झाडे काढा, असा एकच गलका झाला. मूर्खपणाची दिशा बदलली, प्रमाण तेच राहिले. गिरजाबाईने गप्प बसावे, तिचे काम झाले आहे, असे मलाही वाटले. परंतु ती गप्प बसली नाही.

"हळदीनं काहीच नाई झालं," ती म्हणाली. "आज भाऊची झाडं काढान. पुढच्या साली माह्या हाताले कुठी हळद लागन, मंग माही काढान. मले असं नाई पाहिजे."

ती घरी गेली आणि बियाण्याचे कोश घेऊन आली. ते कोश म्हणजे तिचे पुढचे वर्ष होते. सुगंधाबाईने तिचा हात धरला. "खुळी झाली का बाई? हे गेले तं झाडावर काय ठेवशीन?"

"झाडंच गेली तं कोसा कायले ठेवू?"

तिने मडक्यात राखेचे पाणी घेतले, बोटांत चोळून पाहिले, आणि त्यात सर्वांसमक्ष हळदीची पूड टाकली. पाणी लाल झाले. काही बायकांनी तोंड फिरवले. गिरजाबाईने काही कोश त्यात सोडले व मडके चुलीवर ठेवले. दुसऱ्या मडक्यात मी भाऊंच्या डब्यातील सोड्याचा बोराएवढा खडा लाकडी पळीने टाकून वर भरपूर पाणी ओतले. कारण सोड्यावरही खोटा आरोप राहू नये, असे मला शास्त्रदृष्ट्या वाटले. उरलेले कोश त्यात पडले.

मडकी शिजेपर्यंत कोणी घरी गेले नाही. भाऊ आंब्याच्या पलीकडच्या बाजूस, उपरण्यावाचून बसले होते.

अखेर गिरजाबाईने हळदीच्या मडक्यातून एक कोश काढला, चिंचेच्या पाण्यातून फिरवला व साध्या पाण्यात धुतला. नखाने वरचे टोक सोडवले आणि ओढले. धागा आला. ती मागे सरत गेली, धागा येत राहिला. तिने त्याचे टोक रामाजींच्या हाती दिले. म्हाताऱ्याने ते अंगठ्यावरून मांडीपर्यंत ओढून पाहिले, पीळ दिला, ताण दिला.

"अखंड हाये," ते म्हणाले. "पिवळा असन तं मले दिसत नाई. पण चांगला हाये." मग त्यांनी दुसऱ्या मडक्यातील धागाही तपासला व म्हणाले, "हाबी चांगला हाये. म्हणजे सोडाबी बरा, हळदबी बरी. मंग वाईट कोन हाये, मनसाराम?"

भाऊ उठले. आपण हरलो हे कळण्यास जी थोडी बुद्धी लागते तीही त्यांनी साबणवाल्याकडे ठेवली असावी. "मी तं पहिलेपासून म्हणत होतो," ते म्हणाले, "पाणी जास्त टाका म्हणून."

रामाजींनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. नाल्याकाठची झाडे गिरजाबाईची आहेत व राहतील, असे त्यांनी सांगितले. आणि तिने या परीक्षेत खर्ची घातलेले बियाणे डबा आणणाऱ्याने आपल्या बियाण्यातून भरून द्यावे, असेही सांगितले. भाऊंनी ते दिले. देताना प्रत्येक कोश त्यांनी कानाशी हलवून पाहिला, जणू आत त्यांचा नातलग बसला होता.

हळदीचा दंडक आमच्या गावी अद्याप पाळला जातो. तो सुटेल अशी आशा मी करीत नाही. विरघळण्यासही काही गुण अंगी असावा लागतो, आणि कित्येक डोकी टोपलीतल्या मातीप्रमाणे कितीही पाणी ओतले तरी जागची हलत नाहीत. हातांची परीक्षा मात्र बंद पडली. परात काढा असे कोणी म्हणताच सुगंधाबाई प्रथम उपरणे मागते.

प्रस्तुत कथा शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट आपण घेतलेत, त्याबद्दल मी, येनटोला येथील इसरू चैतू दिघोरे, आपला मनःपूर्वक ऋणी आहे. ज्यांनी ती मनसाराम भाऊंना वाचून दाखवली असेल, त्यांचे आभार वेगळे.